ऱ्होडोनाइट: नाव गुलाबाचं, घराणं मँगनीजचं

सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल कॅथीड्रलमध्ये रशियाच्या झारांच्या आणि त्यांच्या राण्यांच्या समाध्या आहेत. जवळपास सगळ्या एकाच घाटाच्या, पांढऱ्या संगमरवराच्या. दोन मात्र लांबूनही वेगळ्या कळतात. 1881 मध्ये बॉम्बहल्ल्यात मारला गेलेला दुसरा अलेक्झांडर जास्पर नावाच्या हिरव्या दगडाखाली आहे आणि त्याच्या आधीच्या वर्षी वारलेली त्याची राणी मारिया अलेक्झांड्रोव्हना गुलाबी दगडाखाली. या दोन समाध्या पीटरहोफच्या दगडकाम कारखान्यात कित्येक वर्षं घडत होत्या. जागेवर बसल्या त्या 1906 मध्ये. इतकी वर्षं लागली याचं कारण दगडाचा कठीणपणा. संगमरवराला पोलादी हत्यार सहज लागू पडतं, या दोघांना नाही.

राणीचा दगड उरल पर्वतातला. एकातेरिनबुर्गजवळच्या मालोए सेदेल्निकोवो या गावाच्या परिसरात तो 18 व्या शतकाच्या अखेरीला सापडला. तिथले लोक त्याला ऑर्लेत्स म्हणतात, म्हणजे गरुडाचा दगड. गरुड हे गुलाबी खडे आपल्या घरट्यात नेऊन ठेवतात अशी त्या बाजूची समजूत. झारशाही गेली, पण दगडाचा मान काही गेला नाही. मॉस्को मेट्रोच्या मायाकोव्हस्काया स्थानकात, जे 1938 मध्ये सुरू झालं, खांबांवर स्टेनलेस स्टीलच्या जोडीला हाच दगड बसवलेला आहे.

शास्त्रातलं नाव मात्र रशियातून आलेलं नाही. ते दिलं क्रिस्टोफ फ्रीडरिख याशे या जर्मन खाण अधिकाऱ्याने, 1819 मध्ये. हार्त्स डोंगरांतल्या एल्बिंगरोडे गावाजवळच्या खाणीत मिळालेल्या गुलाबी खनिजाला त्याने ऱ्होडोनाइट म्हटलं. ग्रीकमध्ये ऱ्होडॉन म्हणजे गुलाब, आणि ‘आइट’ हे खनिजांच्या नावामागे लागणारं नेहमीचं शेपूट. बस, इतकंच. दगड गुलाबी दिसला, गुलाबाचं नाव दिलं.

आज असं चालत नाही. 1959 पासून खनिजांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेची समिती आहे; रासायनिक घटक, अणूंची मांडणी, सगळं कागदोपत्री सिद्ध केल्याशिवाय ती नाव मंजूर करत नाही. याशेच्या काळात अणूंची मांडणी बघायला क्ष-किरणच नव्हते. हाताशी काय, तर रंग, वजन, कठीणपणा, फुटल्यावर पडणारा आकार, आणि चिकाटी असेल तर रासायनिक पृथक्करण. त्यामुळे त्या पिढीतली कितीतरी नावं रंगावरून पडलेली आहेत, आणि पुढचा बराच गोंधळही तिथूनच आला.

गोंधळाकडे वळण्याआधी या ऱ्होडॉनविषयी थोडं. आपल्या गुलाबाशी त्याचं नातं नुसतं अर्थाचं नाही, रक्ताचं आहे. भाषाशास्त्रज्ञ मानतात की ग्रीकांनी हा शब्द जुन्या इराणी भाषांकडून उचलला. मूळ रूप ‘वृद’ किंवा त्याच्या जवळपासचं. ग्रीकांच्या तोंडी त्याचं आधी व्रोदॉन आणि मग ऱ्होडॉन झालं. खुद्द इराणात तोच शब्द झिजत झिजत ‘गुल’ झाला. फारसीत गुल अधिक आब म्हणजे गुलाब, फुलाचं पाणी, आपण ज्याला गुलाबपाणी म्हणतो ते. मराठीत येईपर्यंत पाण्याचं नाव फुलालाच चिकटलं आणि आपण ‘गुलाबपाणी’ म्हणून पाणी दोनदा म्हणू लागलो. तेव्हा ऱ्होडोनाइटमधला ‘ऱ्होडो’ आणि गुलाबीमधला ‘गुल’ हे लांबचे भाऊ आहेत.

सराफाकडे ‘रोडियम पॉलिश’ ऐकलं असेल. रोडियम हे नावही याच ऱ्होडॉनवरून. तो धातू दिसायला चांदीसारखा पांढरा, गुलाबी अजिबात नाही. पण 1804 मध्ये विल्यम वोलास्टन याने तो जाहीर केला तेव्हा त्याच्यासमोर होते त्या धातूचे क्षार, आणि ते गुलाबी होते. हिमालयात फुलणारा ऱ्होडोडेंड्रॉन म्हणजे तर शब्दशः गुलाबाचं झाड, डेंड्रॉन म्हणजे झाड. हा दुसरा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गोंधळ. याशेच्या आधी सहा वर्षं, 1813 मध्ये, गटिंगेनचे प्राध्यापक योहान हाउसमान यांनी दुसऱ्या एका गुलाबी मँगनीज-खनिजाला नाव दिलं होतं: ऱ्होडोक्रोसाइट. अर्थ, गुलाबाच्या रंगाचं. त्यांच्यासमोरचे नमुने आजच्या रुमानियातल्या काव्हनिक इथल्या खाणीतले. म्हणजे दोन खनिजं, दोन्ही मँगनीजची, दोन्ही गुलाबी, दोन्हींची नावं गुलाबावरून, आणि दोन्ही नावं सहा वर्षांच्या अंतराने जर्मन माणसांनी दिलेली. दागिन्यांच्या बाजारात आजही एकाच्या चिठ्ठीवर दुसऱ्याचं नाव दिसतं, आणि विकणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

फरक मुळात आहे तो मँगनीजच्या सोबत्यात. ऱ्होडोक्रोसाइट हे मँगनीजचं कार्बोनेट, म्हणजे कॅल्साइटच्या, चुनखडीच्या कुळातलं. ऱ्होडोनाइट हे सिलिकेट, त्यात मँगनीज वाळूतल्या सिलिकाशी जोडलेलं. म्हणून पहिलं मऊ, मोहसच्या कठिनतेच्या मापावर साडेतीन ते चार. चाकूने चरा पडतो. दुसरं साडेपाच ते साडेसहा; साध्या चाकूचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही. कोमट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पहिल्याची पूड फसफसते, कारण कार्बन डायऑक्साइड सुटतो. दुसरं ढिम्म. (आम्लाचा प्रयोग घरी करू नका. चाकूचाही दुकानात करू नका.)

दिसण्यातही खूण आहे. ऱ्होडोक्रोसाइटमध्ये बहुधा गुलाबी आणि पांढऱ्या लाटांचे पट्टे असतात, विशेषतः अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतातल्या कापिलितास खाणीच्या मालात. तिथे ते गुहेतल्या लोंबत्या खांबांसारखं थरावर थर चढत वाढलेलं आहे, आणि खांब आडवा कापला की वर्तुळात वर्तुळं दिसतात. अर्जेंटिनाचं ते राष्ट्रीय रत्न. ‘इंकांचा गुलाब’ हे त्याचं लाडाचं नाव. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 2002 मध्ये त्याला राज्याचं खनिज केलं. तिथल्या स्वीट होम या खाणीत 19 व्या शतकात लोक चांदी काढत आणि हे लालगुलाबी स्फटिक टाकून देत. 1992 मध्ये त्याच खाणीत ‘अल्मा किंग’ नावाचा अवाढव्य स्फटिक मिळाला, तो डेन्व्हरच्या संग्रहालयात आहे. चांदी केव्हाच विस्मरणात गेली.

ऱ्होडोनाइटमध्ये पट्टे नसतात. असतात त्या काळ्या रेघा, आणि त्यांच्याकडे नंतर येऊ.

या दोन गुलाबांचं आणखी एक नातं आहे. समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळात मँगनीजचं कार्बोनेट आणि वाळू एकत्र असली, तो गाळ पुढे जमिनीत खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला, तर कार्बोनेटातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याची जागा सिलिका घेते. ऱ्होडोक्रोसाइट आणि क्वार्ट्झ यांतून ऱ्होडोनाइट. सगळा ऱ्होडोनाइट असाच होतो असं नाही, पण ही त्याची एक हमखास वाट आहे. म्हणूनच तो सहसा रूपांतरित खडकांत भेटतो.

गुलाबी रंग कशामुळे? मँगनीजमुळे, हे उत्तर बरोबर असलं तरी अर्धवट आहे. पोटॅशियम परमँगनेटमध्येही मँगनीजच असतं. विहिरीत टाकायला ते वापरायचे, चार खडे बादलीत पडले तरी पाणी गर्द जांभळं होतं. ऱ्होडोनाइटमध्ये तर मँगनीज वजनाने ढोबळ मानाने एक तृतीयांशाहून जास्त, तरी रंग इतका सौम्य की भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याचा अतिपातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर तो जवळपास रंगहीन दिसतो.

फरक आहे मँगनीजने किती इलेक्ट्रॉन गमावले याचा. ऱ्होडोनाइटमध्ये त्याने दोन गमावलेले असतात आणि बाहेरच्या एका थरात पाच उरतात. त्या थरात जागाही पाचच. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतंत्र जागेवर, आणि पाचांचीही फिरकी (इंग्रजीत स्पिन) एकाच दिशेने. खनिजाला रंग यायचा तर त्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषला गेला पाहिजे, आणि त्यासाठी एखाद्या इलेक्ट्रॉनने जागा बदलली पाहिजे. पण इथे प्रत्येक जागेवर कोणीतरी बसलेलं आहे. दुसऱ्याच्या जागेवर जायचं तर फिरकी उलटी करावी लागते, आणि क्वांटम नियमांनुसार प्रकाशाच्या धक्क्याने फिरकी उलटणं जवळपास निषिद्ध. जवळपास, पूर्ण नव्हे. क्वचित कुठेतरी ते घडतं, हिरव्या-निळ्या प्रकाशातला थोडासा भाग शोषला जातो, आणि जो परत येतो त्यात लालसर भाग किंचित जास्त असतो. त्यालाच आपण गुलाबी म्हणतो. परमँगनेटमध्ये मँगनीजने सात इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. तिथे शेजारच्या ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन मँगनीजकडे उडी मारतो. त्या उडीवर कुठलीच बंदी नाही, म्हणून रंग भडक. राणीच्या समाधीचा फिका गुलाबी म्हणजे खरं तर एका मनाईतून सुटलेली पळवाट आहे.

आता काळ्या रेघा. दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं मँगनीज हवापाण्यात फार दिवस तसं राहत नाही. खडकाला तडा गेला, त्यातून पाणी आणि ऑक्सिजन आत शिरला, की तडाच्या दोन्ही बाजूंचं मँगनीज आणखी इलेक्ट्रॉन गमावतं आणि त्याची ऑक्साइड बनतात. ती काळी, मऊ, हाताला काजळी लावणारी. चकाकी आणलेला एखादा काप भिंगाखाली धरा. रेघेचा मधला भाग कोळशासारखा काळा, कडेला तपकिरी झाक, आणि तिच्यापलीकडे एकदम स्वच्छ गुलाबी. कधी हे काळं ऑक्साइड सरळ रेघेत न राहता फटीच्या सपाट पृष्ठभागावर फांद्या फुटत पसरतं. अशा नक्षीला डेंड्राइट म्हणतात, त्याच डेंड्रॉनवरून. म्हणजे असा ऱ्होडोनाइट हातात असला तर ऱ्होडोडेंड्रॉनचे दोन्ही शब्द तुमच्या हातात आहेत, फक्त झाड काळं आणि गुलाब दगडाचा.

मला स्वतःला रेघांशिवायचा ऱ्होडोनाइट फार गोडमिट्ट वाटतो. रशियन कारागिरांचंही मत असंच असावं. त्यांच्या फुलदाण्यांत आणि पेट्यांत काळी नक्षी लपवलेली नाही, उलट नीट दिसेल अशी धरलेली आहे. उघड्यावर वर्षानुवर्षं पडलेला तुकडा मात्र बाहेरून पार काळा होतो. रंगावरून नाव ठेवलेलं हे खनिज डोंगरावर शोधायला जाल तर तुम्हाला काळे दगड फोडत बसावं लागेल.

रंगावर विसंबणं आणखी एका कारणाने धोक्याचं आहे, आणि ते आहे अणूंच्या मांडणीत. सिलिकेटांमध्ये एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असं एक घटक असतं, आणि ऱ्होडोनाइटमध्ये ही घटकं एकापुढे एक जोडून लांबच लांब साखळ्या होतात. सरळ नव्हे. पोतीतल्या मण्यांसारखा प्रत्येक मणी आधीच्यापेक्षा जरा वेगळा कललेला, आणि पाच मणी झाले की सहावा पुन्हा पहिल्यासारखा. या पाचाच्या आवर्तनावर ऱ्होडोनाइटची ओळख ठरते. पायरॉक्समँगाइट नावाचं दुसरं एक खनिज आहे. तेही मँगनीजचं सिलिकेट, तेही गुलाबी, कठिनता तीच, वजन जवळपास तेच. पण त्याचं आवर्तन सातांचं. डोळ्यांनी, चाकूने, आम्लाने, कशानेही हा फरक कळत नाही. क्ष-किरण लागतात. संग्रहालयांतल्या जुन्या कपाटांत ऱ्होडोनाइट म्हणून ठेवलेले काही तुकडे पायरॉक्समँगाइट निघाले, यात कोणाचा दोष नाही.

आणि खुद्द ऱ्होडोनाइटही जागच्या जागी राहिलेला नाही. पाठ्यपुस्तकांत त्याचं सूत्र एक मँगनीज, एक सिलिकॉन, तीन ऑक्सिजन असं सरळ लिहितात. पण पाच सिलिकॉनच्या प्रत्येक आवर्तनामागे धातूंच्या पाच जागा असतात, आणि निसर्गातल्या बहुतेक ऱ्होडोनाइटमध्ये त्यांतली सर्वांत ऐसपैस जागा कॅल्शियमने बळकावलेली असते. 2019 मध्ये खनिजांच्या नावांच्या त्या समितीने व्याख्या नव्याने आखली: चार जागा मँगनीजच्या, एक कॅल्शियमची, तर ऱ्होडोनाइट. पाचही मँगनीजच्या असतील तर ते विटिन्कीआइट, फिनलंडमधल्या विटिन्की या जागेवरून. पुस्तकातलं सुटसुटीत सूत्र ज्याला लागू पडतं त्याचं नाव आता ऱ्होडोनाइट नाही! परीक्षेत मात्र जुनंच लिहा.

महाराष्ट्रात हे सगळं कुठे बघायला मिळतं? सह्याद्रीत नाही. राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, त्यात झिओलाइट नावाची खनिजं मिळतात. ऱ्होडोनाइटसाठी पूर्व विदर्भात जावं लागतं. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतून पुढे मध्य प्रदेशातल्या बालाघाट-छिंदवाड्यापर्यंत मँगनीजचा सुमारे 200 किलोमीटरचा पट्टा आहे. मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीच्या मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणी याच पट्ट्यातल्या. शंभर कोटी वर्षांहूनही आधी इथे समुद्रात मँगनीजयुक्त गाळ साचला आणि पुढे भूकवचाच्या हालचालींत भाजून, दुमडून निघाला. गाळात वाळूबरोबर चिकणमाती होती, म्हणजे ॲल्युमिनियम होतं, तिथे मँगनीजचा गार्नेट झाला, स्पेसार्टिन नावाचा. ॲल्युमिनियम कमी पडलं तिथे ऱ्होडोनाइट. मँगनीजचं प्रमाण खूपच होतं तिथे ब्राउनाइटसारखी काळी धातुकं. खाणीतून बाहेर येतं ते हे काळं. ऱ्होडोनाइटात मँगनीज भरपूर असलं तरी सिलिकाच्या मिठीतून ते सोडवणं महागात पडतं, त्यामुळे भट्टीवाल्याला गुलाबी दगडाचं कौतुक नसतं. डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज डायऑक्साइडला तर बॅटरीच्या सेलसाठी मागणी आहे, आणि ते शाईसारखं काळं आहे.

गार्नेट आणि क्वार्ट्झ मिळून बनलेल्या, ऱ्होडोनाइटही असलेल्या या खडकाला जगभर गोंडाइट म्हणतात. हे नाव गोंड लोकांवरून आहे. ते दिलं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या लुईस ली फर्मर यांनी, भारतातल्या मँगनीज साठ्यांवरच्या 1909 च्या आपल्या जाडजूड ग्रंथात. फर्मर यांनी गावोगाव हिंडून नावांचा अक्षरशः सडा घातला. रामटेकजवळच्या बेलडोंगरीवरून बेलडोंगराइट, छिंदवाड्यातल्या सीतापारवरून सीतापाराइट, सहकारी व्रेडेनबर्ग यांच्यावरून व्रेडेनबर्गाइट, वरिष्ठ थॉमस हॉलंड यांच्यावरून हॉलंडाइट. रंगावरून नाव द्यायचा मोह त्यांना फारसा झालेला दिसत नाही, आणि मँगनीजच्या खाणीत तो होणार तरी कसा, सगळंच काळं.

पुढे क्ष-किरण आले आणि झाडाझडती झाली. हॉलंडाइट टिकलं. गोंडाइटही टिकलं, कारण ते खडकाचं नाव, खनिजांच्या समितीच्या हद्दीबाहेरचं. बेलडोंगराइट यादीतून गेलं. सीतापाराइट म्हणजे आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट निघालं. व्रेडेनबर्गाइट तर एक खनिज नव्हतंच. जेकबसाइट आणि हाउसमानाइट ही दोन काळपट खनिजं एकमेकांत गुंतून वाढलेली होती. यातलं हाउसमानाइट ज्यांच्या नावाचं, ते हाउसमान म्हणजे ऱ्होडोक्रोसाइटला गुलाबाचं नाव देणारे तेच प्राध्यापक. दुसऱ्याला गुलाबी वाटून टाकलं, स्वतःच्या वाट्याला आलं ते काळं.